पाळीव कुत्र्यांमधील लठ्ठपणा

कुत्र्याच्या शरीरात मेद इतका साठणे की त्याची हालचाल, आरोग्य आणि आयुर्मान बाधित व्हावे, या अवस्थेस लठ्ठपणा म्हणतात. आदर्श वजनापेक्षा सुमारे १० टक्के वजन वाढले की कुत्रा जादा वजनाचा आणि २० टक्क्यांच्या पुढे गेला की लठ्ठ, अशी विभागणी पशुवैद्यकात सामान्यतः केली जाते. काही तज्ज्ञ दुसरी मर्यादा ३० टक्क्यांवर धरतात. हे आकडे दिसायला लहान आहेत. पण १० किलोच्या कुत्र्याच्या अंगावर २ किलो चढणे म्हणजे ६० किलोच्या माणसाने १२ किलोंचे ओझे दिवसरात्र न उतरवता वागवणे होय.

वजनकाट्यावरचा आकडा एकटा पुरेसा नसतो, कारण एकाच जातीच्या दोन कुत्र्यांची हाडे आणि बांधा वेगळा असू शकतो. म्हणून शरीरस्थिती गुणांक वापरतात. पशुपोषणतज्ज्ञ डॉटी लाफ्लाम यांनी १९९७ मध्ये मांडलेली १ ते ९ गुणांची पट्टी यासाठी सर्वाधिक प्रचलित आहे. तिच्यात ४ आणि ५ हे गुण आदर्श मानतात. अशा कुत्र्याच्या बरगड्या हलक्या हाताने चाचपल्या तरी लागतात, वरून पाहिल्यास बरगड्यांमागे कंबर आत वळलेली दिसते आणि बाजूने पाहिल्यास पोट वर ओढलेले असते. ५ च्या वरचा प्रत्येक गुण साधारणपणे १० ते १५ टक्के जादा वजन दाखवतो. दाट केसांच्या कुत्र्यात नजर फसते, म्हणून हात लावूनच तपासावे. जाड कुत्र्याचा मालक त्याचे वजन ठीक असल्याचे सांगतो, हा पशुवैद्यांचा नेहमीचा अनुभव आहे. जाड कुत्री सर्रास दिसू लागली की तीच डोळ्यांना सामान्य वाटू लागतात. त्यामुळे धडधाकट, सडपातळ कुत्रा पाहून लोक त्याला उपाशी समजतात.

लठ्ठपणाचे मूळ बहुधा साधे असते: खाण्यातून मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा जास्त. निर्बीजीकरणानंतर ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते; त्या वेळी वाटीतले माप तेच राहिले की काही महिन्यांत वजन चढते. वय, घरात बसून राहणे, जेवणाच्या ताटातून दिले जाणारे घास आणि घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने दिलेला खाऊ यांची त्यात भर पडते. काही वेळा थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावणे किंवा कुशिंग रोग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणे) हे कारण असते. स्टेरॉइड आणि अपस्मारावरील फेनोबार्बिटल या औषधांनीही भूक वाढते. त्यामुळे आहार कमी करण्याआधी तपासणी करून घेणे इष्ट.

जातीचाही वाटा असतो. केंब्रिज विद्यापीठातील एलेनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉर कुत्र्यांत पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. तृप्तीचा संदेश मेंदूपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेतील हा जनुक आहे. २०२४ मधील पुढील संशोधनानुसार असे कुत्रे दोन जेवणांच्या मधल्या वेळेत अधिक भुकेले राहतात, शिवाय विश्रांतीच्या वेळी त्यांचा ऊर्जाव्ययही सुमारे २५ टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे खादाड म्हणून ज्याला हसतात तो कुत्रा खरोखरच भुकेला असू शकतो. तरीही वाटीत किती पडणार हे माणूस ठरवतो, आणि म्हणूनच जबाबदारीही त्याचीच राहते.

लठ्ठपणाची सर्वांत मोठी झळ सांध्यांना बसते. खुबा, गुडघा आणि कोपर यांवर भार वाढतो, कूर्चा झिजते आणि अस्थिसंधिवात लवकर सुरू होतो. मेद हा निष्क्रिय साठा नाही. मेदपेशी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडतात, त्यामुळे दुखणे केवळ वजनाच्या दाबापुरते उरत नाही. गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचा धोकाही वाढतो. वेदना होत असलेला कुत्रा ओरडतोच असे नाही. तो जिने टाळतो, उठायला वेळ लावतो, खेळ सोडून देतो. घरचे म्हणतात, आता वय झाले. दुखते म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून वजन अधिक, अशी साखळी इथे सुरू होते. ती उलटही फिरवता येते: लठ्ठ संधिवाती कुत्र्यांचे वजन ६ टक्क्यांच्या आसपास घटले तरी लंगडणे कमी झाल्याचे अभ्यासात दिसले आहे.

श्वसनावरील परिणाम तितकेच गंभीर असतात. छाती आणि घशाभोवतीच्या मेदामुळे श्वास अपुरा पडतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींत मुळातला अडथळा वाढतो, तर यॉर्कशायर टेरियरसारख्या लहान जातींत श्वासनलिका दबण्याचा त्रास बळावतो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. मेदाच्या थराने उष्णता आत कोंडते, आणि उष्माघात जीवघेणा ठरू शकतो. शस्त्रक्रियेत भूल देणेही जोखमीचे होते. याशिवाय स्वादुपिंडाचा दाह, रक्तदाबातील वाढ आणि निर्बीजीकृत माद्यांत नकळत लघवी होणे यांच्याशी लठ्ठपणाचा संबंध आढळतो. मधुमेहाबाबत मात्र माणसाचा नियम कुत्र्याला जसाच्या तसा लावू नये: लठ्ठ कुत्र्यात इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावतो, पण माणसातील टाइप २ सारखा मधुमेह सहसा होत नाही.

आयुर्मानाविषयीचा पुरावा सर्वांत बोलका आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या २४ जोड्या केल्या होत्या. जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य (गटातील निम्मे कुत्रे ज्या वयापुढे जगले ते वय) १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. कमी खाणाऱ्यांत संधिवातही उशिरा आला. ध्यानात घ्यावे असे हे, की दुसऱ्या गटातील कुत्रे अतिलठ्ठ नव्हते, सरासरीने केवळ जादा वजनाचे होते. २०१९ मध्ये १२ जातींच्या ५०,००० हून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा प्रत्येक जातीत जादा वजनाच्या कुत्र्यांचे आयुष्य कमी आढळले. हा फरक जर्मन शेफर्ड नरांत ५ महिन्यांचा, तर यॉर्कशायर टेरियर नरांत तब्बल अडीच वर्षांचा होता.

उपचारात आहार मुख्य आणि व्यायाम साहाय्यक. आठवड्याला १ ते २ टक्के वजन घटणे सुरक्षित समजतात. त्यासाठी आदर्श वजनाच्या हिशेबाने आहार ठरवतात. नेहमीचे खाद्य नुसते अर्धे केले तर प्रथिने आणि जीवनसत्त्वेही अर्धी होतात, म्हणून वजन घटवण्यासाठी बनवलेले, प्रथिने व तंतू अधिक असलेले खाद्य दिले जाते. पेल्याचे माप रोज बदलते. काट्यावर ग्रॅममध्ये मोजणे हाच भरवशाचा मार्ग. खाऊतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून अधिक भाग जाऊ नये. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला एकदम पळवू नये. सपाट जमिनीवर थोडे थोडे चालवणे किंवा पोहणे बरे. अमेरिकेत २००७ मध्ये डिर्लोटापाइड या औषधाला कुत्र्यांच्या लठ्ठपणासाठी मान्यता मिळाली होती, पण पुढे ते बाजारातून गेले. वजन उतरल्यावर त्या कुत्र्याची ऊर्जेची गरज उपचारकाळातील आहारापेक्षा थोडीच अधिक असते. जुने माप पुन्हा सुरू केल्यास वजन परत चढते, म्हणून उद्दिष्ट गाठल्यानंतरही वजन नियमित पाहत राहावे लागते.