ओवी : कांडणापासून ग्रंथापर्यंत

‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची’ या वचनाने एकेका रचनाप्रकाराला एकेक धनी नेमून दिला आणि ते पिढ्यानपिढ्या तोंडपाठ होत आल्याने ओवी म्हटले की ज्ञानेश्वर, हे समीकरण मराठी वाचकाच्या मनात पक्के बसले. ओवीला ग्रंथात जी प्रतिष्ठा लाभली तिचे श्रेय ज्ञानेश्वरांना देण्यात वावगे काही नाही. मात्र तिचा एक महत्त्वाचा लेखी उल्लेख ज्ञानेश्वरीच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचा असून त्यात ती काम करणाऱ्या बायकांच्या तोंडी आहे.

हा उल्लेख कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात येतो. इ.स. ११२९च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथात राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत अनेक विषय आले आहेत. गीतप्रकारांची माहिती देताना महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे त्यात सांगितले आहे. ओवी म्हणजे जात्यावरचे गाणे अशी आपली ठाम समजूत असली, तरी सोमेश्वराच्या नोंदीत जाते नाही, उखळ-मुसळ आहे. पुढे तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात ओवीचे लक्षणच दिले : देशभाषेत गायले जाणारे, प्रासयुक्त तीन खंड आणि शेवटी ‘ओवी’ हे पद.

या लक्षणाशेजारी ज्ञानेश्वरीच्या अखेरची सुप्रसिद्ध ओवी ठेवून पाहावी : ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’ पहिले तीन चरण एका यमकात बांधलेले आहेत, तर चौथा आखूड असून यमकातून मोकळा आहे. शार्ङ्गदेवाचे तीन खंड इथे जसेच्या तसे दिसतात. गाण्यात जिथे ‘ओवी’ हे पालुपद येई, तिथेच ग्रंथात हा आखूड चरण आला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०, हा या ग्रंथाचा काळ. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या या रचनेत अक्षरसंख्येचे काटेकोर बंधन नाही आणि चरण कानाला तोलून घेतलेला आहे. गीतेसारख्या तत्त्वग्रंथाचे विवरण करण्यासाठी संस्कृत वृत्ताऐवजी हा सैल, बोलण्याच्या जवळचा बंध निवडला गेला, ही माझ्या मते मराठी काव्याच्या इतिहासातील सर्वांत धाडसी निवड होय. त्याच सुमारास महानुभाव कवी नरेंद्रानेही आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ ओवीतच रचले. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग हेही याच घराण्यातले अपत्य मानले जाते.

ग्रंथात गेलेली ओवी आणि घरात राहिलेली ओवी यांच्या वाटा मात्र पुढे वेगळ्या झाल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि शेवटी बजावून ठेवले की, जो या पाठात स्वतःची मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे जाणावे. ग्रंथातील ओवीत भर घालणे हा असा दोष ठरला. जात्यावरची ओवी तर भर घालण्यावरच जगते. आईने गायलेल्या ओवीत लेक आपल्या भावाचे नाव घालते, सासरच्या गावाचे नाव बदलते, निम्मी ओळ मावशीची घेते आणि निम्मी स्वतःची जोडते, पण तिला कोणी दोष देत नाही. म्हणूनच एखाद्या संग्रहातील ओवी दाखवून ती आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची असल्याचे सांगणे धाडसाचे ठरेल. प्रकार तेवढा जुना आहे; शब्द प्रत्येक पिढीचे आहेत. या दोन वाटा जिथे एकमेकींना भिडतात ते ठिकाण म्हणजे जनाबाई. ‘सुंदर माझे जाते गे फिरते बहुके । ओव्या गाऊं कौतुकें’ असे म्हणत ती विठ्ठलाला दळायला बोलावते, आणि जनीबरोबर दळू लागणारा विठ्ठल पुढे असंख्य अनाम बायकांच्या ओव्यांत येऊन बसतो.

या तोंडी ओव्या कागदावर उतरवण्याचे काम नेटाने झाले ते विसाव्या शतकात. साने गुरुजींनी बायकांकडून ओव्या मिळवून १९४०च्या सुमारास ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या विषयवार लावल्या. राज्याच्या लोकसाहित्य समितीच्या वतीने डॉ. सरोजिनी बाबर यांनी पुढे अनेक संग्रह काढले. या संग्रहांचे ऋण मोठे आहे, पण त्यांत एक गोष्ट सुटली. ‘पहिली माझी ओवी, पहिला माझा नेम’ ही ओळ छापील पानावर चटकन संपते, तर जात्यावर ती तशी संपत नाही. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढत असतात. एकीची ओळ दुसरी उचलते, मध्ये ‘बाई’, ‘सांगते’ असे शब्द पेरून ती लांबवते, आणि तेवढ्या अवधीत पहिलीला पुढची ओळ सुचते. छापताना हे भरीचे शब्द अनावश्यक म्हणून गळाले आणि त्यांच्याबरोबर चालही गेली, जिला गाणाऱ्या बायका ‘गळा’ म्हणतात.

ही उणीव काही अंशी भरून काढली ती हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या पुण्यातील अभ्यासकांनी. मुळशीच्या डोंगराळ भागातील संघटनेच्या कामातून त्यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या संकलनात हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि त्यांतील काही हजारांचे ध्वनिमुद्रणही झाले. माहेर, भाऊ, सीतेचा वनवास आणि पंढरीची वारी हे जुने विषय त्यांत आहेतच. शिवाय मराठवाड्यातील दलित स्त्रियांनी ‘पहिली माझी ओवी’ या जुन्याच साच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्याही आहेत. गावात पिठाची गिरणी आल्यावर जाते कोपऱ्यात गेले, याचाही उल्लेख ओव्यांमध्ये सापडतो. आज ज्या घरांत रोजचे दळण बंद होऊन काही दशके लोटली, त्यांपैकी अनेक घरांत लग्नाच्या हळदीसाठी जाते पुन्हा पुसून मांडले जाते, त्याला हळदकुंकू वाहिले जाते, आणि घाणा भरताना जमलेल्या बायकांत ज्यांना ओव्या येतात त्यांना आग्रहाने पुढे बसवले जाते.