स्क्रिप्टमधून ‘कंट्रोल-सी’ का पोचत नाही?

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका वाड्यात जुन्या मराठी पुस्तकांची सूची करायचं काम आम्ही काही जण संध्याकाळी करतो. मुखपृष्ठांच्या फोटोंवरून नोंदी करणारा एक छोटा पायथॉन प्रोग्रॅम मी लिहिला आहे. हाताने चालवला आणि कंट्रोल-सी दाबलं, की हातातली नोंद पुरी करून, फाइल नीट बंद करून तो थांबतो. वाड्याला आठला कुलूप लागतं, म्हणून हेच काम शेल स्क्रिप्टवर (शेल म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, स्क्रिप्ट म्हणजे त्याला दिलेली आज्ञांची फाइल) सोपवलं: शेवटी & लावून प्रोग्रॅम मागे सोडायचा, आठला ‘किल’ या आज्ञेने त्याला इंटरप्ट, म्हणजे ‘थांब’ असा इशारा, पाठवायचा. आठ वाजले, इंटरप्ट गेला, प्रोग्रॅम चालूच. काकू किल्ल्या घेऊन दारात उभ्या. घाईत मी ‘किल -९’ दिलं, म्हणजे जबरदस्तीने बंद केलं, आणि मेमरीतून फाइलमध्ये न उतरलेल्या नोंदी गेल्या.

चूक समजायला बरंच मागे जावं लागलं.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत १९६९ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात झाली, तेव्हा पडद्याच्या जागी टेलिटाइप असायचा, सेकंदाला दहा अक्षरं छापणारा. चालू प्रोग्रॅम थांबवायला त्या युनिक्समध्ये रबआउट ही कळ होती. तिचा कोड, म्हणजे कळीचा ठरलेला आकडा, १२७; ज्या कागदी पट्टीवर अक्षरं भोकांनी नोंदली जात, तिच्यावर सातही भोकं पाडलेली. चुकलेल्या अक्षरावर ती मारली की ते अक्षर बाद. कंट्रोल-सीची सवय आली ती डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या मशीनवरून. कंट्रोल दाबलं की अक्षराच्या कोडमधून ६४ वजा होतात: सी म्हणजे ६७, उरले ३.

पण हा ३ प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. टर्मिनल (कीबोर्ड आणि पडदा) सांभाळणारा कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, भाग तो मधेच उचलतो आणि त्याच्या बदल्यात सिग्नल क्रमांक २, इंटरप्ट, पाठवतो. म्हणून स्क्रिप्टने प्रोग्रॅमच्या इनपुटला पाइपमधून (एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला देणाऱ्या वाटेने) तो ३ धाडला, तर प्रोग्रॅमला तो नुसता एक बाइट दिसतो. खरीखुरी कळ दाबल्यासारखं करायचं तर खोटं टर्मिनल उभं करावं लागतं. डॉन लिब्स यांचं ‘एक्स्पेक्ट’ हे साधन १९९० पासून तेच करतं. नाहीतर सरळ सिग्नल पाठवायचा. त्यासाठीच्या आज्ञेचं नाव ‘किल’, आणि बहुतेक सिग्नलांनी प्रोग्रॅम मरतोही. पण इंटरप्ट प्रोग्रॅमला झेलता येतो, आवराआवर करता येते. ९ क्रमांकाचा झेलता येत नाही.

मग माझा इंटरप्ट का झेलला गेला नाही? जुन्या युनिक्सवर कळ दाबली की त्या टर्मिनलवरून सुरू झालेल्या सगळ्याच प्रोग्रॅमना इंटरप्ट जायचा. समोरचं काम थांबवायला जावं आणि मागे सोडलेलं लांबलचक कामही मरावं, असं व्हायचं. यावर शेलने तोडगा काढला: & लावलेला प्रोग्रॅम सुरू करतानाच त्याला इंटरप्टकडे दुर्लक्ष करायला सांगायचं. पुढे १९८०च्या सुमारास बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सने जॉब कंट्रोल आणलं. पुढच्या-मागच्या कामांचे गट वेगळे झाले आणि कळीचा इंटरप्ट फक्त पुढच्या गटाला जाऊ लागला. तोडग्याची गरज उरली नाही, निदान समोर बसून काम करणाऱ्याला. स्क्रिप्टमध्ये मात्र जॉब कंट्रोल एरवी बंद असतं, म्हणून तिथे जुनाच नियम चालतो, आणि पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या प्रमाणातही तो आहे. पायथॉन सुरू होताना बघतो की इंटरप्टकडे दुर्लक्ष करायला आधीच सांगितलंय, आणि तसाच राहतो. शेल आणि पायथॉन दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि नोंदी माझ्या गेल्या!

स्टीफन बोर्न यांचं शेल युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आलं. त्यात सिग्नल झेलणारा ‘ट्रॅप’ होता, पण इथे त्याचाही उपयोग नाही: सुरुवातीपासून दुर्लक्षित असलेला सिग्नल मागे सोडलेल्या स्क्रिप्टला ट्रॅपने परत मिळवता येत नाही. खूप जण इथेच अडकतात.

मला उपयोगी पडलं ते ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं ‘टाइमआउट’, त्यांच्या कोअरयुटिल्स या आज्ञासंचाच्या २००८ च्या ७.० आवृत्तीत आलेलं. आता स्क्रिप्ट प्रोग्रॅमला & न लावता टाइमआउटच्या हवाली करते: इतक्या वेळाने इंटरप्ट दे, त्यानंतर तीस सेकंदांत थांबला नाही तरच ९. वेळ संपल्यामुळे, ९ ची गरज न पडता, थांबवलं, तर टाइमआउट १२४ हा आकडा परत देतो. तो आला की स्क्रिप्ट ‘नोंदी उतरल्या’ असं छापते, आणि मी काकूंना हाक मारतो.