उपवासाचा फायदा कोणाला आणि धोका कोणाला?

साबुदाण्याच्या खिचडीचा हिशेब एकदा मांडून पाहायला हवा. एका माणसासाठी १०० ग्रॅम कोरडा साबुदाणा भिजवला, तर त्यातून साधारण ३५० कॅलरी मिळतात आणि प्रथिने एक ग्रॅमही मिळत नाहीत. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातून काढलेला जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात मूठभर दाण्याचे कूट, एक बटाटा आणि फोडणीला चमचाभर तूप घातले की ताटली सातशे कॅलरींच्या पुढे जाते. दुपारी चहाबरोबर बटाट्याचा चिवडा, रात्री वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. बैठे काम करणाऱ्या बाईला दिवसभरात साधारण १७०० कॅलरी पुरतात. उपवासाच्या दिवशी त्या सहज ओलांडल्या जातात. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

या खिचडीत शेंगदाणे आहेत ते बरेच आहे. त्यातल्या प्रथिनांमुळे आणि स्निग्धांशामुळे स्टार्च पचायला वेळ लागतो आणि साखर एकदम उसळत नाही. म्हणून ‘कॅलरी कमी’ करायच्या नादात कूट कमी करून साबुदाणा तेवढाच ठेवणे चुकीचे आहे. कमी करायचा तर साबुदाणा करावा. राजगिरा, उकडलेले रताळे, ताक, दही हे सगळे उपवासाला चालते आणि साबुदाण्यापेक्षा कितीतरी चांगले आहे.

भगरीबद्दल मात्र सावध राहायला हवे. दमट हवेत, उघड्या पोत्यात राहिलेल्या भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशी वाढतात आणि त्यांची विषद्रव्ये शिजवूनही पुरती नष्ट होत नाहीत. नवरात्रात आणि महाशिवरात्रीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात एकादशीच्या प्रसादातली भगर-आमटी खाऊन शेकडो लोक आजारी पडले. दवाखान्यात जागा पुरेना, म्हणून झाडांना दोर बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. भगर पाकीटबंद आणि तारीख पाहून घ्यावी, निवडून धुवावी. पीठ तयार विकत न घेता लागेल तेवढेच घरी दळावे, कारण पिठात ओल धरते आणि बुरशी दिसतही नाही.

हे झाले खाण्याचे. उपवासाचे म्हणून जे शास्त्रीय फायदे सांगितले जातात, ते न खाण्याच्या तासांचे असतात. जेवणानंतर इन्सुलिन वाढते आणि जास्तीची साखर यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठते, साधारण शंभर ग्रॅम. रात्रभर शरीर त्यावर चालते. बारा तास उलटून गेल्यावर हा साठा आटत जातो, इन्सुलिन खाली येते, चरबी वितळू लागते आणि यकृत तिच्यापासून कीटोन, म्हणजे शरीराला इंधन म्हणून चालणारी द्रव्ये, बनवायला घेते. मेंदूला रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. उपास लांबला की त्यातला मोठा वाटा कीटोन उचलतात. तोवर मात्र शरीर काही ग्लुकोज स्नायूंतल्या प्रथिनांपासून तयार करते. उपासाने फक्त चरबीच जाते, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

दर तीन तासांनी खिचडी, वेफर्स, गोड चहा घेतला तर इन्सुलिन खाली यायला वावच मिळत नाही. अशा दिवसाला व्रताचे मोल असेल, ते मी कमी लेखत नाही. आरोग्याचा फायदा त्याच्या खात्यावर मांडता येत नाही, एवढेच.

२०१६ साली जपानचे योशिनोरी ओसुमी यांना नोबेल मिळाले आणि ‘ऑटोफॅजी’ हा शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर पोहोचला. पेशी आपलेच जुने, बिघडलेले भाग मोडून पुन्हा वापरतात, ती ही प्रक्रिया. ओसुमी यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवल्या आणि त्यांच्या आत काय साठते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, पुढे त्यामागची जनुके शोधली. हे मोठे काम आहे. पण ‘सोळा तासांनी ऑटोफॅजी सुरू होते आणि कॅन्सरच्या पेशी मरतात’ हे त्या कामातून निघत नाही. जिवंत माणसाच्या कोणत्या अवयवात ती किती वाढली, हे सांगणारी साधी रक्ततपासणी नाही.

माणसांवरचे प्रयोग जास्त उपयोगी आहेत आणि त्यांचे निष्कर्ष बेताचेच आहेत. २०२० साली अमेरिकेत ११६ जणांवर बारा आठवड्यांचा अभ्यास झाला. एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात खाल्ले. त्यांचे वजन सरासरी एक किलोही उतरले नाही आणि वेळेचे असे बंधन नसलेल्या दुसऱ्या गटाच्या तुलनेत फरक नगण्य होता. ज्यांच्या तपासण्या बारकाईने केल्या, त्यांच्यात तर घटलेल्या वजनाचा मोठा भाग चरबीऐवजी स्नायूंसारख्या ऊतींचा होता. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथला वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १३९ लठ्ठ व्यक्तींना मोजून कमी आहार दिला आणि त्यातल्या निम्म्यांना सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत जेवायला सांगितले. वेळ पाळणाऱ्यांचे ८ किलो उतरले, न पाळणाऱ्यांचे ६.३, संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक लक्षणीय ठरत नाही. वजन घटले ते मुख्यतः कमी खाल्ल्यामुळे. खाण्याच्या वेळा आखून घेतल्याने एखाद्याला कमी खाणे सोपे जात असेल, तर त्याने जरूर आखाव्यात.

मला स्वतःला सगळ्यात विचार करण्याजोगा वाटतो तो २०१८ चा एक छोटा प्रयोग. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले फक्त ८ पुरुष, पाच आठवडे, सगळे खाणे सहा तासांत आणि शेवटचे जेवण दुपारी तीनच्या आत. वजन जवळपास तेवढेच राहिले, तरी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला आणि रक्तदाबही उतरला. आठ माणसांवरून नियम बांधता येत नाही. पण आपल्याकडे जैन कुटुंबांत सूर्यास्ताआधी जेवण्याची रीत आहे, ती या दिशेची आहे. दिवसभर उपाशी राहून रात्री नऊनंतर भरपेट जेवणे नेमके उलट्या दिशेचे.

बरेच दिवस नुसत्या पाण्यावर राहण्याची गोष्ट वेगळी. स्कॉटलंडमधला एक २७ वर्षांचा अतिलठ्ठ तरुण १९६५-६६ मध्ये ३८२ दिवस अन्नावाचून राहिला आणि २०७ किलोंवरून ८२ वर आला. हे सगळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जीवनसत्त्वे आणि पोटॅशियम देऊन, रक्त-लघवी तपासत चालले होते. त्याच काळात अशा उपचारात काही रुग्ण दगावले आणि ही पद्धत मागे पडली. यात पारण्याचा दिवसही धोक्याचा असतो. बऱ्याच दिवसांनी एकदम गोडधोड पोटात गेले की इन्सुलिन उसळते, फॉस्फेट आणि पोटॅशियम रक्तातून पेशींत ओढले जाते आणि हृदयाची लय बिघडू शकते. अठ्ठाईसारख्या, म्हणजे जैनांच्या आठ दिवसांच्या उपासासारख्या तपानंतर मुगाच्या पाण्यासारखे हलके काही थोडे थोडे घेऊन सुरुवात करावी ती यासाठीच.

पण रोजच्या घरांतला खरा धोका गोळ्यांचा आहे. संकष्टीचे उदाहरण घ्या. मधुमेह असलेली साठीची बाई सकाळी नेहमीची ग्लिमेपिराइडची गोळी घेते, वर नुसता चहा, आणि चंद्रोदयापर्यंत थांबते. तो होतो रात्री नऊच्या आसपास. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही ते पाहत नाही, ती इन्सुलिन काढतच राहते. संध्याकाळी घाम, थरथर, छातीत धडधड, कधी असंबद्ध बोलणे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवतही नाही. घरचे म्हणतात, उपवासाने थकवा आलाय, थोडे पडून राहा. तेव्हा पडून राहायचे नाही. साखर तपासावी आणि ती ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. ग्लुकोमीटर नसेल तर शंकेवरच साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांवर लांब उपास केला तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्लता वाढू शकते. उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणे. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि हरतालिकेचा निर्जळी उपवास यांचेही जमत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, किडनीचा आजार असणाऱ्यांनी निर्जळी करूच नये. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, आणि सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे नेमाचे उपवास धरणाऱ्याही बहुतेक त्याच आहेत.

डॉक्टर उपवासाबद्दल सहसा विचारत नाहीत आणि बायका आपणहून सांगत नाहीत. पुढच्या वेळी जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर महिन्यातल्या उपवासांची यादीही न्यावी. कोणती गोळी त्या दिवशी अर्धी करायची, कोणती संध्याकाळी घ्यायची, कोणती आदल्या दिवसापासूनच थांबवायची, हे प्रत्येक रुग्णाचे वेगळे असते. ते कागदावर लिहून घ्यावे आणि घरातल्या आणखी एकाला समजावून ठेवावे.