व्हॉल्व्हवरचा ‘टन’ आला कुठून?

मार्केट यार्डातल्या एखाद्या कोल्ड रूमचं युनिट एप्रिलच्या उन्हात बिनतक्रार चालतं आणि डिसेंबरच्या पहाटे रडायला लागतं. कॉइलच्या, म्हणजे आतली हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या, सुरुवातीच्या दोन-तीन नळ्यांवर दव गोठलेलं, पुढचा सगळा भाग कोरडा. मेकॅनिक ‘गॅस कमी’ म्हणून गॅस मारून जातो. पुष्कळदा गॅस पुरेसा असतो; एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून, म्हणजे द्रव गॅस बारीक भोकातून कॉइलमध्ये सोडणाऱ्या झडपेतून, तो पुढे सरकत नसतो. व्हॉल्व्ह ‘टनाला टन’, म्हणजे त्यावरचा आकडा युनिटच्या क्षमतेशी जुळवून बसवलेला, मग चुकलं कुठे?

हा टन बर्फाचा. अमेरिकेतला २००० पौंडांचा टनभर बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तेवढी क्षमता म्हणजे एक टन: तासाला १२००० बीटीयू, ३.५१७ किलोवॅट. बोस्टनचा बर्फ जहाजातून मुंबईला यायचा, त्या काळाची ही आठवण.

जेकब पर्किन्सने १८३४ साली लंडनमध्ये तोच गॅस पुन्हापुन्हा फिरवणाऱ्या, बंद चक्राच्या थंडावा-यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्या यंत्रात ईथर होतं, पुढे बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया आला. व्हॉल्व्ह मात्र कित्येक वर्षं हातानेच फिरवायचा. पाइपवरचं दव कुठवर चढलंय ते बघून ऑपरेटर चाक पाव आटा इकडे-तिकडे करी, त्यामुळे भोकाच्या मापाची फारशी फिकीर नसे. कॉम्प्रेसर बनवणारी हडपसरची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ची. अमोनिया कॉम्प्रेसरवर वाढलेल्या पुण्यातल्या जुन्या माणसांचा हात त्या चाकावरच बसलेला.

घरगुती फ्रिज आले तेव्हा चाक फिरवायला माणूस उरला नाही. आधी निघाला कॉइलमधलं प्रेशर कायम ठेवणारा व्हॉल्व्ह. त्याची खोड अशी की लोड वाढून प्रेशर चढलं की तो मिटायचा, म्हणजे नेमका उलटा वागायचा. १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह आला. त्याचा तापमान ओळखणारा बल्ब सक्शन लाइनला, म्हणजे कॉइलमधून कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या नळीला बांधलेला; सुपरहीट (वाफ उकळबिंदूच्या जितकी वर तापली ते अंश) वाढली की व्हॉल्व्ह उघडणार. १९३३ साली मॅड्स क्लाउसेनने डेन्मार्कमध्ये आईवडिलांच्या शेतघरात असले व्हॉल्व्ह बनवायला घेतले. तीच आजची डॅनफॉस.

व्हॉल्व्ह स्वतःच चालायला लागला आणि भोकाचं माप आधीच ठरवणं आलं. कंपनी टनाचा आकडा छापते तो ठरावीक बाष्पीभवन तापमान, ठरावीक द्रव तापमान आणि व्हॉल्व्हच्या दोन बाजूंमधल्या ठरावीक प्रेशर-फरकावर. फरक घटला की क्षमता त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. आर-२२ हा गॅस घ्या. कॉइल उणे १० अंशांवर, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर उन्हाळ्यात ५० वर, तर फरक साधारण १६ बार. थंडीच्या रात्री कंडेन्सर २५ वर आला की फरक ७ बारांच्या आत. तोच व्हॉल्व्ह दोन-तृतीयांशावर येतो. द्रव थंड असल्याने थोडी भरपाई होते, पण पुरेशी नाही. गॅस बदलला तर सगळा हिशेबच नव्याने: किलोमागे अमोनिया आर-२२च्या सुमारे सहापट उष्णता ओढतो, म्हणून तेवढ्याच टनाला त्याचं भोक बारीक.

यावर ‘एक साइज मोठा टाकू’ हा ठरलेला तोडगा, आणि तो मला कधीच पटला नाही. मोठा व्हॉल्व्ह कमी लोडवर हंटिंग करतो, म्हणजे सारखा उघड-मीट करत राहतो. गेजचा काटा झोके घेत राहतो, मधूनच द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोचतो. त्यापेक्षा थंडीत कंडेन्सरचा पंखा बंद-चालू करणारा प्रेशर स्विच बसवावा, हेड प्रेशर (कंडेन्सरकडचं प्रेशर) टिकवावं आणि व्हॉल्व्ह आहे तोच ठेवावा.