कोंड्यासोबत गेलेलं जीवनसत्त्व

इगतपुरी तालुक्यातला भात घोटीच्या गिरण्यांत येतो. आधी टरफल निघतं, मग तांबूस दाण्याला पॉलिश होतं. पांढरा तांदूळ पोत्यात भरला जातो आणि कोंडा गुरांच्या खाद्याला नाहीतर तेल काढायला जातो. 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' या म्हणीतला हाच कोंडा, म्हणजे काहीच नसलं तर खायचं अन्न. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचा शोध लागला तो मुख्यतः या कोंड्यामुळे, आणि त्यासाठी कित्येक माणसं हकनाक मेली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेरीबेरीने आशियातले तुरुंग, बराकी आणि जहाजं ग्रासली होती. पायांतली शक्ती जायची, अंगावर सूज यायची, शेवटी हृदय बंद पडायचं. जंतूंचे शोध नुकतेच लागले होते, त्यामुळे प्रत्येक रोगामागे जंतू असणारच असं डॉक्टर धरून चालत. डच सरकारने 1886 मध्ये जावा बेटावर तुकडी पाठवली ती बेरीबेरीचा जंतू शोधायलाच. तिच्यातले क्रिस्तियान आइकमान मागे राहिले. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या. पाय फाकायचे, दांडीवर बसता येईना, मान टाकायच्या. आणि काही महिन्यांनी उरलेल्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केल्यावर कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढरा भात घालत होते. नवा स्वयंपाकी आला, त्याने लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना द्यायला नकार दिला, म्हणून त्या पुन्हा असडीक तांदळावर आल्या आणि वाचल्या.

पुढे आदोल्फ व्होर्डरमान यांनी जावातल्या 101 तुरुंगांची पाहणी केली. पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत साधारण 39 मागे एकाला बेरीबेरी होती, कोंड्यासकट तांदूळ खाणाऱ्यांत 10,000 मागे एकाला. इतका ढळढळीत फरक समोर असूनही आइकमान म्हणत राहिले, की पांढऱ्या भातात विष असावं आणि कोंड्यात त्यावर उतारा. अन्नात काही *नसल्यामुळे* माणूस आजारी पडतो, हे त्यांचे सहकारी गेरिट ग्रिन्स यांनी 1901 मध्ये मांडलं. मला या सगळ्या इतिहासातली हीच पायरी सर्वांत अवघड वाटते. जे आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. जे नाही ते दाखवायचं कसं? कोंड्यातला तो पदार्थ, म्हणजे ब-1 किंवा थायमिन, शुद्ध स्वरूपात हाती यायला 1926 साल उजाडलं. पिष्टमय अन्नातून शक्ती काढायला पेशींना थायमिन लागतं, म्हणून ते कमी पडलं की नसा आणि हृदय आधी हाय खातात. शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवडे पुरेल एवढाच.

'पाण्यात विरघळणारं' हे वर्गीकरण अमेरिकेतल्या एल्मर मॅकॉलम यांचं. 1915-16 च्या सुमारास त्यांनी स्निग्धात विरघळणारं 'ए' आणि पाण्यात विरघळणारं 'बी' असे दोन भाग केले. तेव्हा 'बी' एकच वाटलं होतं. नंतर त्यातूनच आठ जीवनसत्त्वं वेगळी निघाली आणि क जीवनसत्त्व त्यांच्या जोडीला बसलं. स्वयंपाकघरात हे वर्गीकरण रोज दिसतं. तांदूळ चार पाण्यांतून धुतले, भात वेळून पेज ओतून दिली, की ही जीवनसत्त्वं मोरीत जातात. शरीरातही जास्तीचं बहुतेक लघवीवाटे निघून जातं. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते, तो रंग ब-2 चा. हेच ब-2 कमी पडलं की ओठांचे कोपरे फाटतात, जीभ लाल होते, तोंड येतं. कोकणात उकडा तांदूळ खातात त्याचा फायदा इथे कळतो. साळ टरफलासकट उकडताना थायमिन दाण्याच्या आत मुरतं आणि पुढच्या सडणीत कमी जातं.

क जीवनसत्त्वाची गोष्ट याहून जुनी. जेम्स लिंड यांनी 1747 मध्ये स्कर्व्ही झालेल्या 12 खलाशांवर सहा वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबू मिळालेले दोघे झपाट्याने बरे झाले. तरी ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नेमाने मिळायला 1795 उजाडलं. आणि एवढं कळूनही पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात (डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916) काय झालं पाहा. आत अडकली होती सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. मैद्याच्या पावावर असलेल्या गोऱ्या सोजिरांना बेरीबेरी झाली. आटा खाणारे हिंदी जवान तिच्यातून वाचले, पण ताजी भाजी नाही आणि घोड्याचं मांस धर्मापायी वर्ज्य, म्हणून त्यांना स्कर्व्हीने गाठलं. हिरड्या सुजून रक्त येणं, जुनी जखम पुन्हा उघडणं ही तिची लक्षणं, कारण ऊतींना बांधून ठेवणारं कोलॅजन क शिवाय नीट तयारच होत नाही.

इथे नाशिककरांना एक सांगायला हवं. आपल्या द्राक्षांत क अगदी थोडं असतं. पेरू आणि आवळा त्यांच्या कितीतरी पुढे. कार्तिकातलं आवळीभोजन टिकवावं, ते या कारणासाठीही.

ब-3 म्हणजे नायसिन कमी पडलं की पेलाग्रा होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखा, काळा खरबरीत पट्टा उठतो. मग जुलाब, मग भ्रम. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1915 मध्ये हा रोग निकृष्ट आहारातून येतो हे दाखवून दिलं. तिथे मूळ मक्यात होतं. आपल्या दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या मजुरांत सापडला. हैदराबादला सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पाठपुरावा केला. ज्वारीत दोष काढायचं कारण नाही. भाकरीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे असले की पेलाग्रा होत नाही. कोरड्या भाकरीवर राहावं लागणं, हा खरा रोग.

फॉलिक आम्लावरचं काम मुंबईतलं, इंग्रज डॉक्टर लुसी विल्स यांचं. 1928 पासून त्या कापड गिरण्यांतल्या गरीब गर्भवतींचा जीवघेणा रक्तक्षय अभ्यासत होत्या. लोह देऊन तो हटत नव्हता. यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, दिल्यावर बायका सुधारू लागल्या, आणि 1931 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यातला घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज आशाताई गर्भवतींना लोहासोबत जी गोळी देतात, तिच्या मागे परळ-भायखळ्याकडच्या त्या बायका आहेत. त्यांची नावं कुठेच नाहीत, याचं वाईट वाटतं.

ब-12 चं तंत्र वेगळं. ते जंतू तयार करतात, आपल्याला मिळतं प्राणिज अन्नातून, आणि यकृतात काही वर्षं पुरेल एवढं साठतं. त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसाला कमतरता उशिरा कळते: हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा. अशा वेळी नुसतं फॉलिक आम्ल घेतलं तर रक्त सुधारतं, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहते.

रेशनवर गेल्या काही वर्षांत पोषणयुक्त तांदूळ मिळाला. दर 100 किलोत साधारण एक किलो दाणे तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 मिसळून घडवलेले असतात. ते रंगाने थोडे वेगळे दिसतात, म्हणून 'प्लास्टिकचा तांदूळ' समजून ठिकठिकाणी लोकांनी ते वेचून टाकले. ते टाकू नयेत, तांदूळ फार चोळून धुऊ नये, आणि भात बेताच्या पाण्यात शिजवून पाणी आतच जिरवावं.