खालची भाषा, वरची भाषा : एका जुन्या अढीची पार्श्वभूमी

‘पायथॉन म्हणजे काही खरं प्रोग्रॅमिंग नव्हे’ हे ऐकून ही सोपी प्रोग्रॅमिंग भाषा शिकू लागलेला नवखा माणूस हिरमुसतो. हाच शेरा जवळपास सत्तर वर्षांपूर्वी फोरट्रान या सुरुवातीच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वाट्याला आला होता, आणि तो मारणारी माणसं अडाणी नव्हती. यंत्राच्या जवळची ती खालची भाषा, माणसाच्या जवळची ती वरची, अशी ही उतरंड.

१९५०च्या दशकात प्रोग्रॅमर यंत्राशी त्याच्याच आकड्यांत बोलत, फार तर असेंब्लीच्या, म्हणजे त्या आकड्यांना दिलेल्या छोट्या नावांच्या, आधाराने. मेमरी इतकी तोकडी की एकेक सूचना वाचवणं हीच कलाकुसर. ड्रम मेमरीच्या (फिरत्या दंडगोलावर माहिती साठवणाऱ्या) काही यंत्रांवर तर पुढची सूचना ड्रमवर कुठे ठेवली म्हणजे ती फिरत फिरत नेमकी वेळेवर वाचणाऱ्या हेडखाली येईल, हा हिशेबही लिहिणाराच करी. एवढ्या कष्टाने आलेल्या विद्येचा रुबाब असणारच. फोरट्रानचे जनक जॉन बॅकस यांनी पुढे त्या काळच्या आपल्या व्यवसायबंधूंना पुरोहितवर्गाची उपमा दिली. सोवळ्यातली मंडळी म्हणा हवं तर.

अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये युनिव्हॅक या संगणकासाठी ए-० ही प्रणाली केली. आधी लिहून ठेवलेली सबरूटिन्स (ठरावीक काम करणारे प्रोग्रॅमचे तुकडे) जोडून ती प्रोग्रॅम तयार करी. आजच्या कंपायलरपेक्षा (माणसाने लिहिलेल्याचं यंत्राच्या सूचनांत भाषांतर करणारा प्रोग्रॅम) लिंकरच्या (तयार तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) जवळची. तरी ‘संगणक फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम कुठला लिहितोय’ असं त्यांना ऐकून घ्यावं लागलं.

अशा सोयींबद्दलच्या शंकेमागे निव्वळ अहंकार नव्हता. आयबीएम ७०१ या संगणकात फ्लोटिंग पॉइंटची (दशांश चिन्हाच्या संख्यांची) गणितं हार्डवेअरमध्ये नव्हती. ती सबरूटिन्समधून रडतखडत होत. त्या संथपणात सोयीच्या प्रणालींचा बोजा खपून जाई. १९५४ मध्ये जाहीर झालेल्या ७०४ ने ही गणितं हार्डवेअरमध्ये आणली आणि तो आडोसा गेला. आता यंत्राचा वाया गेलेला वेळ लगेच डोळ्यांत भरणार होता.

बॅकस यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांच्या गटाने भाषेची रचना जवळजवळ जाता जाता उरकली आणि खरी मेहनत घेतली ती कंपायलरमधून निघणारा कोड हाताने लिहिलेल्या कोडच्या तोडीचा कसा होईल यावर. दुसरीकडे खर्चाचं गणित त्यांच्या बाजूने होतं. संगणक केंद्रात प्रोग्रॅमरांवरचा खर्च यंत्राच्या खर्चाइतका तरी असे, आणि यंत्राचा पाव ते निम्मा वेळ चुका शोधण्यात जाई. १९५७ मध्ये फोरट्रान आलं. बॅकस यांच्या गटाच्या त्याच वर्षीच्या निबंधात एक उदाहरण आहे : एका दिवसाचं प्रशिक्षण घेतलेल्या प्रोग्रॅमरने चार तासांत ४७ विधानं लिहिली, ७०४ ने सहा मिनिटांत त्यांच्या सुमारे १००० सूचना केल्या. पहिलं उत्तर चुकलं, पण चूक त्याला स्वतःच्याच एका विधानात सापडली. हाताने लिहायला तीन दिवस लागले असते, असा त्याचा अंदाज होता.

पुढे तुच्छतेचा वारा उलटाही वाहू लागला. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये ‘गो टू’वर, म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठूनही कुठेही उडी मारायला लावणाऱ्या सूचनेवर, तोफ डागली, तेव्हापासून यंत्राच्या अंगाने विचार करणं हेच काहींना गबाळेपणाचं लक्षण वाटू लागलं. १९७४ मध्ये संगणकशास्त्रज्ञ क्नूथ यांनी लिहिलं की ९७ टक्के वेळा बारीकसारीक काटकसर विसरावी. उरलेले मोक्याचे ३ टक्के सोडू नयेत, हे त्यांचं लगेचचं म्हणणं मात्र उद्धृत करणारे सोयीस्करपणे गाळतात.

सी भाषेची गोष्ट सर्वांत बोलकी. १९६९ ची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असेंब्लीत होती. १९७३ मध्ये तिचा गाभा सी मध्ये नव्याने लिहिला गेला. त्या वेळी सी ‘वरची’ भाषा होती, आज तिला सर्रास ‘खालची’ म्हणतात. भाषा फारशी हलली नाही, बसणारेच वरच्या मजल्यावर गेले. संगणकशास्त्रज्ञ ॲलन पर्लिस यांची १९८२ ची व्याख्या मला म्हणूनच पटते : गैरलागू गोष्टींकडे लक्ष द्यायला लावते ती खालची भाषा. गैरलागू काय, ते कामावर ठरतं. अहवाल छापणाऱ्याला मेमरीचा पत्ता गैरलागू. ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्याचं सगळं कामच त्या पत्त्यावर चालतं.

डिसेंबर २०२२ मध्ये सी मध्ये लिहिलेल्या लिनक्सच्या गाभ्यात, ६.१ आवृत्तीत, रस्ट या नव्या भाषेला प्रवेश मिळाला आणि सी वाले आता जुन्या जाणत्यांच्या खुर्चीत बसले. व्हिडिओ डीकोडरांचे सर्वांत धावपळीचे भाग मात्र अजूनही हाताने असेंब्लीत लिहिले जातात. गंमत अशी की ती असेंब्लीही तळ नव्हे : आजचे एक्स८६ (बहुतेक पीसींतले) प्रोसेसर त्या सूचनांचे आतल्या आत आणखी बारीक तुकडे करतात, आणि ते तुकडे लिहिण्याची सोय प्रोग्रॅमरला ठेवलेलीच नाही.