अर्धा कटिंग पाणी आणि सातशे हॉर्सपॉवरचा ब्रेक

आमच्या मावसभावाची गाडी टिनाच्या शेडमध्ये उभी असते. एका बाजूला संत्र्याचे रिकामे क्रेट, दुसऱ्या बाजूला फवारणीचा ब्लोअर आणि मधात ही, दोन सीटर, जर्मन, इंजिन सीटच्या मागे, ३०० हॉर्सपॉवर, सेकंडहँड. कंपनीचं नाव नाही सांगत, नाहीतर लोकं लगेच किंमत काढत बसतात आणि मग संत्र्याला यंदा काय भाव लागला तिथपर्यंत गोष्ट जाते. गाडी एवढी बुटकी की शेडच्या उंबऱ्यावर दोन सागाच्या फळ्या टाकल्याशिवाय आत जात नाही, आणि पांदण रस्त्याचं तर नावच काढू नका. पानठेल्यावर दादाला पहिला प्रश्न ठरलेला असते, "एव्हरेज किती देते?"

दादाला मात्र ती पट खेळायला पाहिजे होती. म्हणजे खराखुरा शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत, नाही, पण गोष्ट तीच. आपल्याकडं तळेगाव दशासरच्या पटात जशी जोडी घड्याळावर पळते, बाजूला दुसरी जोडी नसली तरी चालते, ज्याची वेळ कमी त्याचा नंबर, तसाच प्रकार ट्रॅकवर असते, त्याला टाइम अटॅक म्हणतात. हौशी माणसाला हेच बरं, कारण दुसऱ्याच्या गाडीला घासायची भीती कमी. रीतसर स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, लायसन लागते, नुसता सराव करायचा तर ट्रॅक डे असतात. महाराष्ट्रात काही जमलं नाही म्हणून गाडी फ्लॅटबेडवर चढवून आम्ही वरुडहून निघालो ते नागपूर, हैदराबाद करत थेट चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, बाराशेच्या आसपास किलोमीटर. तिथं ३.७ किलोमीटरचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, गाडीतलं मला फार कळत नाही, मी आपला हवा मोजायला आणि डबा सांभाळायला.

चौथ्या राउंडला दादा सरळ गवतात गेला. गाडीला काही झालं नाही, माणसाला काही झालं नाही, फक्त पुढच्या जाळीत वावरभर गवत अडकलं. हेल्मेट काढल्यावर पहिलं वाक्य, "पेडल पुरं खाली गेलं बे, काहीच लागलं नाही." आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटलं, "आधीच्या वळणावर त एकदम टाइट होतं."

आता हे समजून घ्यायचं तर आधी ब्रेकचं काम किती मोठं असते ते मोजा. गाडी, माणूस, पेट्रोल सगळं धरून १५०० किलो समजू. सरळ रस्त्यावर १८० च्या स्पीडनं आली आणि वळणासाठी ८० वर आणायची आहे. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, शाळेत पाठ केलेलं सूत्र, ते लावलं की उत्तर येते १५ लाख जूल. ही एवढी ऊर्जा कुठंतरी टाकावी लागते. हवेचा अडथळा थोडा हातभार लावते, तो सोडून देऊ, बाकी सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. एवढ्या उष्णतेत ३० डिग्रीचं ५ लिटर पाणी उकळीला येते. गॅसवर त्याला वीस-पंचवीस मिनिटं तरी लागतील, इथं चांगले टायर असतील तर हे काम पावणेतीन सेकंदाच्या आसपास होते.

म्हणजे पॉवर किती झाली? भागाकार करा, ७०० हॉर्सपॉवरच्या वर निघते. आणि ही सरासरी झाली हो, पेडल दाबलं त्या पहिल्या क्षणाला तर आकडा हजाराच्या जवळ जाते. लोकं ३०० हॉर्सपॉवरच्या इंजिनचे फोटो काढतात, पण त्याच गाडीत त्याच्या दुपटीपेक्षा मोठं मशीन चाकाच्या आत बसलेलं असते, त्याच्याकडं कोणी पाहत नाही. ७०० हॉर्सपॉवर म्हणजे विहिरीवरच्या ५ हॉर्सपॉवरच्या १४० मोटारी एकाच वेळी चालू, एवढ्या तर आमच्या फिडरवर एका वेळी चालतसुद्धा नाहीत.

डिस्क असते बिडाची, मधात फटी ठेवलेली, म्हणजे फिरता फिरता पंख्यासारखी हवा ओढते. पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला या १५ लाखातले साडेचार लाख जूल येतात असं धरलं आणि डिस्कचं वजन १० किलो, तर एका जोरदार ब्रेकमध्ये तिचं तापमान साधारण १०० डिग्रीनं चढते. पुढच्या वळणापर्यंत थोडी थंड होते, मग पुन्हा शंभर. थंड व्हायला जेवढा वेळ पाहिजे तेवढा मिळत नाही, म्हणून दोन-तीन राउंडमध्ये डिस्क चारशे-पाचशेवर जाऊन बसते. रोजच्या वापराचे पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी घासणारे गुटके, इथं हार मानतात, त्यांच्यातला चिकटवणारा राळेसारखा माल जळायला लागते, वास येते आणि ब्रेक लागेनासा होते. पण लक्षात घ्या, पॅड गेले तर पेडल दगडासारखं घट्ट राहते आणि गाडी थांबत नाही. दादाचं पेडल मऊ झालं होतं. म्हणजे चोर दुसराच होता.

गावाकडं परत आल्यावर ट्रॅक्टरच्या मिस्त्रीनं तो पकडला. कॅलिपरचं, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचं, निप्पल ढिलं केलं, पारदर्शक नळी लावून बाटलीत ब्रेक ऑइल काढलं आणि बाटली उजेडात धरली. नवं असते तेव्हा फिकट पिवळं, हे कोऱ्या चहासारखं.

"हे कधी बदललं व्हतं?"

"घेतली तवापासून हातच नाही लावला."

"मंग काय होईन बाप्पा. दोन पावसाळे शेडमंदी काढले इनं."

गाडी तर उभीच होती, चालवली नाही, मग तेल खराब कसं होईल, हा दादाचा प्रश्न आणि तो रास्तच आहे. पण आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नाहीच, ते ग्लायकॉल वर्गातलं रसायन असते, आणि त्याला पाण्याची भयंकर ओढ. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं की मिठाला पाणी सुटते ना, तसंच हे हवेतला ओलावा ओढते, रबरी नळीतून, टाकीच्या झाकणातून, हळूहळू. डिझेलमध्ये पाणी असलं तर ते खाली बसते आणि फिल्टरच्या वाटीतून काढून टाकता येते, इथं मात्र पाणी विरघळून जाते, वेगळं दिसतच नाही. रंग काळा पडणं हीसुद्धा पाण्याची पक्की खूण नाही बरं का, रबराचा झिजलेला अंश आणि उष्णता यानंही रंग बदलते, पाणी मोजायला वेगळं टेस्टर लागते.

पाणी किती नुकसान करते त्याचे आकडे ठरलेले आहेत. डॉट ४ दर्जाचं ताजं द्रव किमान २३० डिग्रीपर्यंत उकळायला नको, आणि त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की ही मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चं तेच २०५ वरून १४० वर. पूर्ण गाडीत ब्रेकचं द्रव असते लिटरभराच्या आसपास, त्याचे ३.७ टक्के म्हणजे ३५-४० मिलि, अर्धा कटिंग. एवढ्यानं ७५ डिग्री खाल्ले.

उकळलं तर काय बिघडते? द्रव दाबल्या जात नाही, म्हणूनच पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचते. वाफ मात्र फुग्यासारखी दबते. आणि १ मिलि पाण्याची वाफ मोकळ्या हवेत दीड लिटरच्या वर जागा घेते, तेव्हा कॅलिपरमध्ये नखाएवढा बुडबुडा तयार व्हायला पाणी किती थोडं लागते ते तुम्हीच पाहा. तुमचा पाय मग बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडते.

आता दादाच्या दुसऱ्या वाक्याकडं या, "आधीच्या वळणावर टाइट होतं." मला यातली खरी गंमत दिसते, आणि ती घरच्या कुकरमध्ये आहे. कुकरमध्ये दाब वाढते म्हणून पाणी १०० ला न उकळता १२० च्या आसपास उकळते आणि वरण लवकर शिजते. शिटी वर करून दाब एकदम सोडला तर आतलं वरण क्षणात फसफसून वर येते, कारण दाब गेला, तापमान मात्र १२० चंच राहिलं. ब्रेकमध्ये हेच होते. पेडल जोरात दाबलेलं असताना द्रवावर हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट तरी दाब असते, तेवढ्या दाबाखाली ते तापलं तरी उकळत नाही. वळण आलं, दादानं पाय उचलला, दाब गेला, आणि तापलेलं द्रव पाय मोकळा असतानाच उकळलं. पॅडमधली उष्णता तर अजून त्याला ढकलणाऱ्या पिस्टनमधून आत येतच होती. ड्रायव्हरला यातलं काहीच कळत नाही, तो मजेत ॲक्सिलेटर दाबून सरळ रस्त्यावर निघाला, आणि पुढच्या वळणावर पाय टाकला तर खाली फक्त वाफ. म्हणून हे दुखणं आधी सूचना देत नाही. पेडल भराभर दोन-तीनदा पंप केलं तर थोडं वर येते, पण १८० ला हे सुचायला डोकं थंड पाहिजे.

झिजलेले पॅडही यात भर घालतात, पॅड म्हणजे उष्णता आणि द्रव यांच्या मधली भिंत, ती जेवढी पातळ तेवढी आच आत. दादाचे अर्धे झिजलेले होते. "अजून चालतीन" म्हणून ठेवले होते. चालले, तीन राउंड.

गावात सगळ्यांनी एकच निदान केलं, ऊन. चेन्नईचं ऊन. आपल्याकडं मे महिन्यात ४५-४६ पाहिलेल्या माणसाला ऊन हेच सगळ्याचं कारण वाटते, पण गणित वेगळं सांगते. कोणतीही वस्तू हवेत थंड होते ती तिच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकानुसार. डिस्क ५०० वर आहे, हवा २५ असली तर फरक ४७५, हवा ४५ असली तर ४५५. म्हणजे चार टक्क्यांचा फरक, डिस्कला उन्हाशी घेणंदेणं नाही. रेडिएटरला मात्र आहे. कूलंट १०० डिग्रीवर असते, २५ च्या हवेत फरक ७५, ४५ च्या हवेत फक्त ५५, थेट २७ टक्के कमी. म्हणून आपल्याकडं उन्हाळ्यात गाड्या गरम होतात त्या इंजिननं. वर ४५ डिग्रीची हवा १५ डिग्रीच्या हवेपेक्षा जवळपास १० टक्के विरळ, तेवढा ऑक्सिजन कमी, बिनटर्बोचं इंजिन तेवढं सुस्त.

टायरचं थोडक्यात सांगतो, कारण समृद्धीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. बंद जागेतल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे डिग्रीत २७३ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या, प्रमाणात वाढते, आणि काटा दाखवते तो दाब बाहेरच्या हवेच्या वरचा असते, म्हणून हिशोबात ते १५-एक पीएसआय आधी मिळवायचे आणि शेवटी वजा करायचे. सकाळी २७ डिग्रीला ३० पीएसआय भरली आणि ट्रॅकवर आतली हवा ८७ डिग्रीवर गेली तर काटा ३९ दाखवते. म्हणून ट्रॅकवर गरम टायरमधून हवा काढून मोजून सेट करतात, माझं तेच काम होतं. पण हे पाहून कोणी उन्हाळ्यात ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर निघायच्या आधी हवा कमी भरू नका. कमी हवेचा टायर प्रत्येक चक्कराला जास्त दुमडते, रबर आतून तापते, आणि फुटायची वेळ उलट जवळ येते. गाडीच्या दरवाजावर लिहिलं असते तेवढी, थंड टायरमध्ये.

बाकी इंजिन ऑइल. वळणावर गाडी जेवढी जमिनीला धरून जाते तेवढं आतलं ऑइल बाहेरच्या बाजूला चढते, बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला की ऑइलची पातळी चक्क ४५ डिग्रीनं तिरपी. पाण्याचं ड्रम बैलबंडीत टाकून कोणी वळण घेतलं असेल त्याला माहीत आहे. ऑइल कमी असलं तर पंपाला तेवढा वेळ हवाच ओढावी लागते, म्हणून ऑइल मोजायच्या दांडीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरून जायचं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा द्रव नवीन, रेसिंगचं, ३०० डिग्रीच्या वर उकळणारं, सीलबंद बाटली तिथंच फोडली. पॅड नवीन. मिस्त्रीला सोबत नेलं होतं. पहिला सेशन संपवून दादा आत पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या उभ्या करायच्या जागी, आला, डिस्कवरून हवा थरथरताना दिसत होती, बाजूच्या एका पोट्ट्यानं पाण्याची बाटली उचलली आणि मिस्त्री ओरडला, "अबे थांब, फुटन ते!" त्यानं लहानपणी बंडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिली आहे. लोखंडी धाव लाल करून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं, ती आकसून चाकाला अशी आवळते की लाकूड करकरते. तिथं आकसणं पाहिजे असते. बिडाच्या डिस्कवर एका बाजूला पाणी पडलं तर तेवढीच बाजू आकसते, बाकीची तशीच, आणि तडा जाते.

थंड करायची रीत वेगळी आहे. शेवटचा राउंड ब्रेकला जवळपास हात न लावता, म्हणजे पाय न लावता, हळू फिरवायचा, वाहती हवाच उष्णता घेऊन जाते. थेट येऊन उभी केली तर हवा थांबते, डिस्कमधली सगळी आच कॅलिपरमध्ये शिरते आणि द्रव उभ्या गाडीत उकळते. उभी केल्यावर हँडब्रेकही ओढायचा नाही, गरम पॅड गरम डिस्कला एकाच जागी चिकटून बसला की त्याचा माल तिथं उमटते आणि मग प्रत्येक ब्रेकला गाडी थरथरते. दादानं गाडी गिअरमध्ये टाकून बंद केली. जागा जराशी उताराची होती. मिस्त्री इकडं तिकडं पाहत गेला आणि कुठूनशी एक वीट घेऊन आला, मागच्या चाकाखाली सरकवली, पायानं ठोकून पक्की केली.

बाजूच्या पिटमधली दोन पोरं फोटो काढून राहिली होती, विटेचा.